हिमउतारावर जाण्यापूर्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात हिमालयातील स्कीइंगच्या प्रशिक्षण वर्गांची माहिती दिली होती. त्यावर सीमाभागातून आलेल्या पत्रांत सर्वाधिक विचारणा आखीव उतार सोडून मोकळ्या डोंगरात स्कीइंग करणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल होती. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. येत्या फेब्रुवारीत तो चार मित्रांबरोबर गुलमर्गला जाणार आहे. स्कीइंगचा प्राथमिक वर्ग त्याने पूर्वी केला आहे. या खेपेस मात्र गंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून मोकळ्या उतारावर उतरण्याचा त्यांचा बेत आहे. सुरक्षिततेचे सामान तेथे भाड्याने मिळते, तेवढे घेतले की झाले, असे तो म्हणतो. मला यातले फारसे कळत नाही, पण बापाचा जीव राहवत नाही. त्याने आधी काय शिकायला हवे आणि ते बेळगावात शिकता येईल का? — टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि ती मुलापर्यंत पोचावी यासाठी थोडे सविस्तर लिहितो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि गंडोलाचा दुसरा टप्पा माणसाला काही मिनिटांत अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. तेथून खाली येणारे बहुतेक उतार यंत्राने दाबून सपाट केलेले नसतात. गुलमर्गमध्ये स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचे गस्त व बचाव पथक आहे, परंतु त्याची नजर गंडोलाच्या आसपासच्या मर्यादित भागावर असते. ती हद्द ओलांडली की आपण मोकळ्या डोंगरात असतो. याच परिसरात २०२३ च्या फेब्रुवारीत हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर मरण पावले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला.

हिमस्खलनात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी साधारण नऊ जण वाचतात. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासाच्या आसपास दहांत तिघांवर येते. मरणाऱ्यांपैकी बहुतेक गुदमरून मरतात, थंडीने मरणारे थोडे असतात. आता हिशेब करून पाहावा. खाली निरोप जाणे, पथक जमणे आणि ते वर पोचणे या साऱ्याला दहा मिनिटे कोठेही पुरणार नाहीत. म्हणजे आपल्या मुलाचे बचाव पथक त्याचे चार मित्रच आहेत आणि त्यांचे बचाव पथक तो आहे. म्हणून एकट्याने शिकून भागत नाही. पाचही जणांनी शिकले पाहिजे, आणि जो शिकायला तयार नाही त्याने त्या दिवशी दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाड्याच्या सामानात तीन वस्तू असतात: बीकन, प्रोब आणि फावडे. बीकन म्हणजे प्रत्येकाने अंगावर बांधायचे लहान रेडिओ यंत्र. तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतो. कोणी गाडले गेले की बाकीचे आपापले बीकन शोधाच्या स्थितीत आणतात आणि पडद्यावरचा बाण व आकडा पाहत पुढे सरकतात. आकडा तीन मीटरपर्यंत उतरला की चाल मंद करायची, बीकन बर्फाच्या पृष्ठभागालगत आणायचा आणि तो न फिरवता पुढे-मागे व डावीकडे-उजवीकडे सरकवून सर्वांत लहान आकड्याची जागा गाठायची. तेथून प्रोबची लांब कांडी उताराला काटकोनात खुपसत, प्रत्येक वेळी सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवून, चकलीसारख्या वाढत्या वळणाने फिरायचे. कांडी माणसाला लागली की ती उपसायची नाही, तशीच रोवून ठेवायची, कारण खणणाऱ्यांना तीच खूण असते. वाचायला हे सोपे वाटते. परंतु मित्र गाडला गेला असताना, हात थरथरत असताना, हे सारे आयुष्यात पहिल्यांदा करणारा माणूस बीकन शोधाच्या स्थितीत आणायलाही विसरतो. सामान भाड्याने मिळते, सराव भाड्याने मिळत नाही.

सर्वाधिक वेळ जातो तो खणण्यात. स्खलन थांबताच त्यातला बर्फ घट्ट बसतो आणि हाताने उकरता येत नाही. एक मीटर खोल गाडलेल्या माणसासाठी टनभर, कधी त्याहूनही अधिक बर्फ उपसावा लागतो. प्रोबच्या डोक्यावरून सरळ खाली खणू नये. उताराच्या खालच्या अंगाला, प्रोबवरून कळलेल्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर सुरुवात करून आडवे आत शिरावे. पुढचा माणूस फोडतो, मागचे दोघे बर्फ खाली सारतात आणि दर मिनिटाला जागा बदलतात.

बेळगावात काय शिकता येईल, हा आपला दुसरा प्रश्न. माझे उत्तर असे की, जीव वाचवणाऱ्या कौशल्यांपैकी बराच मोठा भाग बर्फाशिवाय शिकता येतो. बीकनला खाली बर्फ आहे की माती, हे कळत नाही. खानापूर किंवा जांबोटीकडे मळणी संपलेल्या भातशेतात एक बीकन डब्यात घालून पिंजराखाली दडवावा, जागा ठाऊक नसलेल्याने घड्याळ लावून तो शोधावा आणि चार मिनिटांच्या आत सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा शोधावा. पिंजराच्या ढिगात चिंध्या भरलेले एक पोते ठेवून त्यावर प्रोब टेकवून पाहावी. पोत्यावर ती किंचित दबून परत येते आणि जमिनीवर टणकन थांबते. हा फरक एकदा तळहाताला कळला की विसरत नाही. खणण्याच्या पद्धतीसाठी बांधकामावरचा वाळूचा ढीगही चालेल.

उताराचे माप घ्यायलाही येथेच शिकावे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि नेमके तेच उतार स्कीअरला मोहवतात. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या कडेला उभे राहून आधी नजरेने अंदाज बांधावा, मग मोबाइलमधल्या कोनमापकाने ताडून पाहावा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा अंदाज चांगलाच चुकतो.

बर्फाची पारख मात्र येथे शिकता येणार नाही, आणि ती पुस्तकातून शिकलो असे कोणी समजू नये. जुन्या बर्फात साखरेसारखे सुटे कण तयार होतात. त्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा घट्ट थर बसला की तो निव्वळ वाट पाहत असतो. तिरप्या फळीवर ज्वारीचे दाणे पसरून वर पाट ठेवावा, तसे ते असते. एका स्कीअरचे वजन पडले की पूर्ण पाट सुटतो. जीवघेण्या स्खलनांपैकी बहुतेक वेळा ते स्वतः सापडलेल्याने किंवा त्याच्याच गटातल्याने सुरू केलेले असते. पायाखाली 'वुंफ' असा दबका आवाज येणे, स्कीपासून तडे फुटत जाणे, आसपास ताजे स्खलन दिसणे, आदल्या दिवशी-रात्री जोरदार हिमवर्षाव झालेला असणे किंवा ऊन एकाएकी तापणे यांतील एक जरी लक्षण दिसले तरी ३० अंशांपेक्षा जास्त उतार सोडून द्यावा. हे प्रत्यक्ष दाखवणारा तीन दिवसांचा हिमस्खलन वर्ग जाण्यापूर्वी करणे शक्य नसेल, तर निदान पहिले दोन-तीन दिवस जाणकार गाइड बरोबर घ्यावा आणि दररोज सकाळी हिमस्खलनाचा इशारा वाचावा. धोक्याची पातळी जगभर एक ते पाच अशी मोजतात. तीन हा आकडा पाहून 'मधलाच तर आहे' असे वाटते, परंतु तीन म्हणजे धोका लक्षणीय आहे आणि जीव जाणारे बरेच अपघात याच पातळीला होतात.

प्रश्न : मी मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेला जवान आहे. सियाचीनमध्ये आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील हणमंतप्पा कोप्पद सहा दिवस बर्फाखाली जिवंत होते, हे सगळ्या देशाने पाहिले. मग पंधरा मिनिटांनी आशा संपते असे तुम्ही लोक का शिकवता? त्यामुळे शोधणारे लवकर हात टेकतील, अशी मला भीती वाटते. — खानापूर

उत्तर : आपली भीती मनापासूनची आहे आणि आपण स्वतः बर्फात नोकरी केली असल्याने तिला वजन आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील चौकीवर बर्फाचा कडा कोसळून मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनचे दहा जण गाडले गेले. कुंदगोळ तालुक्यातील बेटदूरचे लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. बाकीचे नऊ जण वाचले नाहीत.

त्यांच्या बाबतीत तंबूमुळे भोवती हवेची पोकळी राहिली होती, असे तेव्हा सांगण्यात आले, आणि शास्त्राच्या दृष्टीने तीच गोष्ट निर्णायक असते. अर्ध्या तासानंतरही जगणारी माणसे जवळजवळ नेहमी अशीच असतात, ज्यांचे नाक-तोंड मोकळे राहिले आणि पुढ्यात थोडी हवा उरली. चौकीतला जवान तंबूत असतो. उतारावरच्या स्कीअरभोवती काहीही नसते. त्याच्या तोंडात बर्फ कोंबला जातो आणि श्वासाच्या वाफेने चेहऱ्यापुढे बर्फाचे कवच धरते. म्हणूनच बर्फ थांबण्याच्या बेतात असताना हात तोंडापुढे आणून जागा राखायला शिकवतात.

आता आपल्या मूळ आक्षेपाबद्दल. घाई करायला शिकवणे आणि हात टेकायला शिकवणे यांत फरक आहे, आणि आपण म्हणता तो धोका टाळण्यासाठी शिक्षकाने दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगितली पाहिजे. १९९९ साली नॉर्वेत नार्विकजवळ आना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यावरील बर्फाखाली अडकली. सुमारे ८० मिनिटे ती पाण्यात होती आणि तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. हृदय थांबलेले असतानाही सहकाऱ्यांनी छातीवर दाब देणे सोडले नाही. रुग्णालयात तिचे रक्त यंत्राने गरम केले गेले, ती वाचली आणि पुढे पुन्हा वैद्यकीय काम करू लागली. गारठलेला माणूस मेल्यासारखा दिसतो म्हणून तो मेला असे ठरवण्याचा अधिकार डोंगरावरच्या मित्राला नाही. ते डॉक्टरांनी, शरीर गरम केल्यानंतर ठरवायचे असते.

प्रश्न : मी परिचारिका अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून महाविद्यालयात सीपीआर (छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास देणे) आणि प्रथमोपचार शिकले आहे. मैत्रिणींबरोबर उत्तराखंडात औलीला स्कीइंगसाठी जाण्याचा विचार आहे. रुग्णालयात शिकलेले तेथे जसेच्या तसे चालेल का, की वेगळा वर्ग करावा लागेल? — निपाणी

उत्तर : तुमचा पाया पक्का आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु शहरातील प्रथमोपचार रुग्णवाहिका येईपर्यंतच्या थोड्या वेळासाठी आखलेला असतो, आणि डोंगरात हा वेळ कित्येक तासांचा असू शकतो. वेगळे शिक्षण लागते ते यासाठीच. अशा दूरस्थ भागातील प्रथमोपचाराचा लहान वर्ग साधारण दोन दिवसांचा, म्हणजे १६ तासांचा असतो. वारंवार जाणाऱ्यांसाठी आणि गट घेऊन जाणाऱ्यांसाठी ७० ते ८० तासांचा मोठा वर्ग असतो. तुमच्यासारखीने मोठा वर्ग करावा, असे मी सुचवेन. मैत्रिणींनी बेळगावात एखाद्या रुग्णालयाच्या बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) वर्गापासून सुरुवात केली तरी चालेल.

सीपीआरमधला एक फरक आताच लक्षात ठेवा. शहरात एकाएकी कोसळलेल्या प्रौढ माणसाचे हृदय बहुधा आधी बंद पडते, म्हणून आपण लगेच छातीवर दाब देऊ लागतो. बर्फाखालच्या माणसाचा प्राणवायू आधी संपलेला असतो. चेहरा मोकळा होताच तोंडातला बर्फ काढा, श्वासमार्ग उघडा, आणि श्वास नसेल तर प्रथम पाच श्वास द्या. त्यानंतर नेहमीप्रमाणे मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ३० दाबांमागे दोन श्वास. पूर्ण शरीर बाहेर येण्याची वाट पाहू नका. डोके आणि छाती मोकळी झाली की काम सुरू करता येते, खालचे खणणे बाकीच्यांना करू द्या. माणूस बराच वेळ गारठलेला असेल तर त्याची नाडी आणि श्वास फार मंद असतात, म्हणून ती तपासायला एक मिनिटापर्यंत वेळ घ्यावा.

दुसरा फरक हाताळणीचा. खूप गारठलेल्या माणसाचे हृदय इतके नाजूक झालेले असते की त्याला ओढले, झटकन बसवले किंवा चालायला लावले तर त्याची लय बिघडू शकते. त्याला आडवाच ठेवा. ओले कपडे ओढून न काढता कात्रीने कापा, अंगाखाली दोर, पाठपिशव्या, चटई असे जे असेल ते घाला, कारण खालच्या बर्फाकडूनही अंगातली ऊब जात असते. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीजवळ आणि काखेत ठेवा, हातापायांना नको. तो नीट शुद्धीवर असेल, थरथरत असेल आणि गिळू शकत असेल तरच गरम गोड पेय द्या. थरथर थांबली आणि तो बरळू लागला तर 'आता बरे वाटते आहे' असे समजू नका. ती खालावल्याची खूण आहे.

हाडांच्या इजांबाबतीत तुमचे रुग्णालयातील शिक्षण थेट उपयोगी पडेल, फक्त साहित्य वेगळे असेल. स्कीइंगमध्ये गुडघ्याचे स्नायुबंध तुटणे आणि नडगीचे हाड मोडणे नेहमीचे आहे. दोन स्की पोल, जॅकेट आणि पट्टे यांतून उत्तम खपची होते. बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतर पायाच्या बोटांची ऊब, संवेदना व हालचाल तपासा आणि थंडीत दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासत राहा. मांडीचे हाड मोडले असेल तर आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त जाऊ शकते. अशा माणसाला स्वतः खाली आणण्याचा प्रयत्न न करता उबेत ठेवून मदत बोलवावी.

हे सारे घरच्या गच्चीवर, जाड हातमोजे घालून करून पाहा. मोजे काढल्याशिवाय गाठ मारता येत नसेल, तर तेथेही येणार नाही.

प्रश्न : बोटे बधिर झाली की बर्फाने चोळावीत आणि थंडी वाजली की घोटभर ब्रँडी घ्यावी, असे आमच्या गटातले अनुभवी लोक सांगतात. ते बरोबर आहे का? — संकेश्वर

उत्तर : दोन्ही चूक आणि दोन्ही धोकादायक. हिमदंशात पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक झालेले असतात, चोळल्याने ते पेशी फाडतात. बोटे काखेत धरावीत. ती पांढरी व टणक झाली असतील आणि मुक्कामी पुन्हा गोठण्याची भीती नसेल, तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवावीत. एकदा वितळून पुन्हा गोठलेले बोट वाचवणे फार अवघड असते. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात, तात्पुरते गरम वाटते आणि आतली ऊब वेगाने बाहेर जाते. त्याशिवाय गारठलेल्या माणसाचा निर्णय आधीच डळमळीत झालेला असतो.

प्रश्न : आम्ही पाच जण मिळून दोन बीकन विकत घ्यावेत, असा विचार आहे, कारण त्यांची किंमत फार आहे. एकाजवळ हवेची फुगणारी पिशवी असलेली पाठपिशवीही आहे. एवढ्यावर भागेल का? — हल्याळ

उत्तर : भागणार नाही. बीकन नसलेला माणूस गाडला गेला तर बाकीच्यांचे बीकन त्याला शोधू शकत नाहीत, आणि दोन बीकनवाल्यांपैकी एक गाडला गेला तर शोधणारा एकच उरतो. माणशी एक बीकन, एक प्रोब, एक धातूचे फावडे हे किमान आहे. खर्च झेपत नसेल तर पाचही जणांसाठी सामान गुलमर्गला भाड्याने घ्यावे आणि सरावासाठी दोन बीकन विकत घ्यावेत, हा मार्ग मला योग्य वाटतो. भाड्याने घेताना बॅटरी किती टक्के आहे ते पडद्यावर पाहा, पुन्हा चार्ज होणारे सेल वापरू नका, आणि निघण्यापूर्वी एकाने बाजूला उभे राहून प्रत्येकाचा बीकन संदेश सोडतो आहे का, हे एकेकाला समोरून चालवून तपासा. मोबाइल बीकनपासून चालताना किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना किमान ५० सेंटिमीटर दूर असावा. फुगणारी पिशवी स्खलनात माणसाला वरच्या बाजूला ठेवायला मदत करते आणि तिने मृत्यूचे प्रमाण बरेच घटते. परंतु झाडाखडकांवर आदळणे तिने टळत नाही आणि ऐनवेळी दोरी ओढायला सुचावी लागते.

पत्रात नाही, तरीही दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांत आपल्याकडचे लोक हमखास अडकतात. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून गटातल्या निदान दोघांकडे, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड जोड असावेत आणि स्की पेट्रोलचा क्रमांक सकाळीच मोबाइलमध्ये घालून घ्यावा. आणि परदेशातल्या नातेवाइकाने आणून दिलेले उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र बरोबर नेऊ नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, आणि विमानतळावरच्या सामान तपासणीत ते लगेच दिसते.